कॅमेऱ्याची जागा



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मला बोलावलंत आणि विषय माझ्यावर सोपवलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. पत्रिकेवरचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. रॉक बँडच्या मैफिलींचे चित्रपट! सरांनी जन्मभर ऐकला तो ख्याल. पहाटेचा रेडिओ लावायचा तो सनईसाठी, आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना ध्वनीचा धडा आला की तंबोऱ्याची जवारी फळ्यावर काढून दाखवायची, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या स्मरणाला इलेक्ट्रिक गिटार कशाला, असं कोणी विचारलं तर ते वाजवीच आहे. पण या विषयातला पहिला प्रश्न मला सरांनीच घातला होता आणि त्याचं उत्तर शोधण्यात माझी तीस-पस्तीस वर्षं गेली आहेत.

तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारची ती खुर्ची आज कोणीतरी रिकामी ठेवली आहे. सर तिथे बसत. गाणं असो वा सभा, ते पाऊण तास आधी येऊन ती खुर्ची धरत. मी एकदा विचारलं, खांबाआड कशाला बसता? ते म्हणाले, इथून गवयाचा हात दिसतो, तबलजीचा दायां दिसतो, आणि खांबामुळे मागच्या भिंतीचा पडसाद कानावर येत नाही. आपली जागा त्यांनी अशी मोजून-मापून घेतलेली होती.

मी बारावीत असताना त्यांच्या घरी व्हीसीआर आला. मुंबईहून कोणीतरी कॉपी करून दिलेली एक कॅसेट होती, 'मॉन्टरे पॉप' नावाच्या चित्रपटाची. त्यात रविशंकर आहेत एवढं कळल्यामुळे सरांनी ती मागवली होती. आम्ही पाच-सहा विद्यार्थी सतरंजीवर बसलो. जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. ज्या माणसाने तंबोरा कधी जमिनीवर आडवा टेकवला नाही, त्याला ते पाहवेना. मग सतार सुरू झाली. सर सरसावून बसले. काही वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, त्यांनी मला विचारलं, "हा कॅमेरा कुठे बसलाय गं?"

तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थसुद्धा नीट कळला नव्हता. पुढे मी चित्रपटांचं संकलन शिकले, तोच धंदा केला, मैफिलींची कितीतरी चित्रीकरणं माझ्या टेबलावर आली, आणि प्रत्येक वेळी रशेस, म्हणजे कच्चं चित्रण, लावल्या की आधी सरांचा प्रश्न आठवायचा.

आपल्या भाषेत 'जागा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक बसायची जागा. दुसरी गाण्यातली. गवई एखाद्या स्वरावर क्षणभर रेंगाळतो, समेच्या अलीकडे अवचित वळतो, आणि आपण म्हणतो, काय जागा घेतली! दोन्हींना एकच शब्द का, हे भाषाशास्त्राच्या जाणकारांनी सांगावं. माझ्या कामातून मला एवढं उमगलं आहे की गाण्यातली जागा पडद्यावर यायची असेल तर कॅमेऱ्याला स्वतःची बसायची जागा असावी लागते. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

थोडं यंत्रांबद्दल. चित्रपटात चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपले जातात. फिल्मच्या काळात फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावायची, आवाज दुसऱ्या यंत्रात टेपवर जायचा, आणि दोन्ही पुढे संकलकाच्या टेबलावर जुळवावे लागायचे. यालाच आम्ही सिंक म्हणतो. पाटीची टाळी वाजते ती त्यासाठी: पाटी मिटलेली चौकट आणि टाळीचा आवाज एकमेकांसमोर आणले की पुढचं सगळं जुळतं. १९५०च्या दशकापर्यंत हे साधणारा कॅमेरा इतका जड होता की तो गर्दीत नेणं अशक्य. १९६०च्या आसपास रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी खांद्यावर घेता येईल असा, आवाजाच्या यंत्राशी चाल जुळवून धावणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा घडवला. रॉक संगीत त्याच दशकात मैदानांत आलं. कॅमेरा हलका झाला नसता तर त्या मैफिली नुसत्या तबकड्यांवर उरल्या असत्या.

सिंक नसलं तर काय होतं याचं एक उदाहरण रॉकच्या शेजारच्या घरातलं आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन दोन रात्री गायल्या. सिडनी पोलॅकने ते चित्रित केलं, पण टाळ्या घेतल्याच नाहीत. तासन् तास फिल्म एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, दोन्ही उत्तम, आणि जुळवायला धागा नाही. 'अमेझिंग ग्रेस' नावाने तो चित्रपट लोकांसमोर आला २०१८ साली. तोवर अरीथा आणि पोलॅक दोघंही गेले होते. ही हकीकत मी माझ्या प्रत्येक नव्या सहायकाला पहिल्या दिवशी सांगते.

'मॉन्टरे पॉप'कडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी १९६९.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर चार लाखांहून जास्त लोक जमले. त्या वुडस्टॉक महोत्सवावर मायकेल वॉडलीने केलेला चित्रपट १९७० साली आला. त्याला माहितीपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्याच्या संकलनासाठी थेल्मा स्कूनमेकर या तरुण संकलिकेचं नावही नामांकनात आलं. संकलनाच्या खोलीत मार्टिन स्कॉर्सेसीही होता. पडदा दोन-तीन भागांत फोडून एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला चिखलातले लोक, ही त्या चित्रपटाची नावाजलेली युक्ती. पण मला तो आठवतो तो एका गृहस्थामुळे. हा माणूस तिथली फिरती शौचालयं साफ करतो आहे. कॅमेरा त्याच्याशेजारी उभा राहतो. तो हसतमुखाने सांगतो की त्याचा एक मुलगा इथेच गर्दीत कुठेतरी आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये आहे. बस्स, आणि पुन्हा कामाला लागतो. त्या चार लाख मुलांच्या गाण्यात जे युद्ध घुमत होतं, ते एका बापाच्या दोन वाक्यांत समोर येतं. त्या वेळी मंचाकडे पाठ करून उभा राहणारा कॅमेरावाला कोण होता देव जाणे, पण त्याला आपली जागा कळली होती.

चारच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट इथल्या मोटारशर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सनी फुकट कार्यक्रम केला. सुमारे तीन लाख लोक आले. मंच जेमतेम कमरेइतका उंच. तो राखायला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी. स्टोन्स गात असताना मंचासमोर मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला टोळीतल्या एकाने भोसकून मारलं. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे भाऊ तिथे चित्रीकरण करत होते आणि एका कॅमेऱ्यात ती घटना आली.

त्या 'गिमी शेल्टर' चित्रपटाची तिसरी दिग्दर्शक शार्लट झ्वेरिन ही संकलक होती. माझ्या मते या चित्रपटाची थोरवी तिच्या एका निर्णयात आहे: संकलनाचं टेबलच चित्रपटात आणायचं. मिक जॅगर त्या टेबलाशी बसला आहे आणि छोट्या पडद्यावर आपलीच मैफल पाहतो आहे. ते दृश्य येतं. जॅगर फिल्म मागे घ्यायला सांगतो. डेव्हिड मेझल्स ती मागे घेतो, हळू चालवतो, थांबवतो. हंटरच्या हातातलं पिस्तूल त्याच्या मैत्रिणीच्या फिकट झग्यावर क्षणभर काळं उमटतं, मग सुरा. मंचावरून जॅगर गर्दीकडे तोंड करून गात होता, तरी त्याला हे दिसलं नव्हतं. आता तो टेबलाशी बसून पाहतो. उठतो, निघतो, आणि चित्र त्याच्या चेहऱ्यावर गोठतं.

हे दृश्य मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवलं आहे आणि दर वेळी माझ्या हाताला घाम येतो. कारण ते बटण माझंही आहे. मागे घे, पुढे घे, थांबव: दिवसभर आम्ही हेच करतो. पुढे खटल्यात ज्यूरीला ही फिल्म दाखवली गेली आणि स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन आरोपी १९७१ साली सुटला. तो कॅमेरा मंचाजवळ होता म्हणून हे दिसलं. पण तो तिथे होता म्हणून त्या मुलाचा जीव वाचला असं नाही. बघण्याच्या जागेवर बसलेल्या माणसाची जबाबदारी काय, याचं सोपं उत्तर तो चित्रपट देत नाही, आणि मलाही ते देता येत नाही.

यानंतरची काही वर्षं मी भराभर ओलांडते. बँड श्रीमंत झाले, चित्रपट गुळगुळीत झाले. त्यातला 'द लास्ट वॉल्ट्झ' मात्र वेगळा. २५ नोव्हेंबर १९७६, थँक्सगिव्हिंगचा दिवस, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड सभागृह. 'द बँड' नावाच्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम आणि दिग्दर्शक स्कॉर्सेसी. त्याने गाण्याच्या ओळीओळीला कोणता कॅमेरा कुठे वळेल याची जाडजूड संहिता लिहिली होती. ३५ मिलिमीटरचे कॅमेरे, हॉलिवूडचे नामवंत छायाचित्रकार, मागे ऑपेराचा नेपथ्यसाज. एवढी तयारी, आणि मडी वॉटर्स गायला उभे राहिले तेव्हा बहुतेक कॅमेरे फिल्म बदलण्यात गुंतलेले! चालू होता तो एकट्या लास्लो कोव्हाचचा कॅमेरा. कानातल्या सूचनांना कंटाळून त्याने हेडफोन काढून ठेवले होते, त्यामुळे थांबायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून मडी वॉटर्सचं ते गाणं आपल्याला जवळपास सलग मिळालं आहे. सूट घातलेला तो ज्येष्ठ गायक, एकच चौकट, आणि पळायला कुठे वाट नाही, ना त्याला ना आपल्याला. आखणीतले सुंदर शॉट एका बाजूला ठेवून मी हा शॉट निवडीन.

त्याच चित्रपटाची दुसरी बाजू बँडचा ढोलवादक आणि गायक लेव्हॉन हेल्म याने आपल्या आत्मचरित्रात मांडली. कॅमेरा सतत गिटारवादक रॉबी रॉबर्टसनकडे वळतो, आणि रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन हे सोबती पडद्यावर नावापुरते उरतात, ही त्याची खंत. रॉबर्टसन त्या चित्रपटाचा निर्माताही होता. हेल्मचं म्हणणं मनात ठेवून मी चित्रपट पुन्हा पाहिला आणि मला ते पटलं. पाच जणांनी मिळून केलेलं संगीत. त्यातल्या एकाच्या शेजारी कॅमेरा जाऊन बसला की उरलेले चौघे त्याचे साथीदार होऊन जातात. आपल्याकडच्या चित्रीकरणांत तबलजीचं काय होतं ते इथे बसलेल्या तबलजींना विचारा.

आता ज्या चित्रपटापुढे मी नेहमी नतमस्तक होते त्याकडे येते. डिसेंबर १९८३, हॉलिवूडचं पँटेजेस थिएटर, बँड टॉकिंग हेड्स, दिग्दर्शक जोनाथन डेमी, छायाचित्रकार जॉर्डन क्रोनेनवेथ, संकलक लिसा डे. 'स्टॉप मेकिंग सेन्स' पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला.

सुरुवातीला रिकामा मंच. मागची भिंत उघडी, शिड्या, दोऱ्या दिसतात. पांढरे बूट चालत येतात. डेव्हिड बर्न एकटा, हातात गिटार, दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर. तो खाली ठेवतो आणि गाऊ लागतो. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बास घेऊन येते. तिसऱ्याला काळ्या कपड्यांतले मंचकामगार ढोलांचा चौथरा ढकलत आणतात आणि क्रिस फ्रान्झ त्यावर चढतो. मग जेरी हॅरिसन, मग गायिका, तालवाद्यं, की-बोर्ड. गाणं चालू असताना मंच आपल्यासमोर भरत जातो. तमाशाच्या फडात ढोलकीवाला आधी येऊन वाजवू लागतो, मग तुणतुणं, मग झील धरणारे, तसंच काहीसं. आणि मंचकामगारांना लपवलेलं नाही. त्यांचे खांदे, त्यांची धाप, सगळं गाण्याचाच भाग होऊन जातं.

डेमीने पहिल्या रात्री प्रेक्षकांचं चित्रण करायचा प्रयत्न केला. त्यासाठी प्रेक्षागृहात जादा दिवे लावावे लागले. उजेड पडल्याबरोबर लोक संकोचले, त्यांचा संकोच बँडला जाणवला, आणि तो कार्यक्रम बँडच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट ठरला, असं नंतर सांगितलं गेलं. दिवे काढले. पुढे जवळून शॉट मिळावेत म्हणून स्टुडिओत तसाच मंच उभारून पुन्हा चित्रण करण्याचा विचार निघाला, तेव्हा बँडनेच नकार दिला, समोर लोक नसतील तर वाजवायचं कोणासाठी म्हणून. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. श्रोता हवाच, आणि त्याच्यावर उजेड टाकायचा नाही. म्हणून या चित्रपटात जवळजवळ शेवटपर्यंत प्रेक्षक दिसत नाहीत. कॅमेरा त्यांच्यातच, अंधारात बसलेला आहे. अगदी शेवटच्या गाण्यात तो वळतो आणि नाचणारे चेहरे दिसतात, तेव्हा आपल्याला आपण दिसल्यासारखं होतं.

लिसा डेच्या संकलनाबद्दल थोडं. ती घाई करत नाही. बर्न आणि गिटारवादक एकमेकांकडे बघून हसले की ते हसू पुरतं उमटून मावळेपर्यंत शॉट राहतो. गिटारच्या तारांवरची बोटं दाखवायला ती उगाच धावत नाही. वाजवणारा काय ऐकतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर कळतं आणि ते ती दाखवते. आज वीस-वीस कॅमेऱ्यांनी टिपलेल्या मैफिली दोन-दोन सेकंदांना चौकट बदलतात. क्रेनवरून, मग झांजेच्या खालून, मग आकाशातून. मी त्या पाहते तेव्हा दमते. माणूस मैफिलीत असा बसतो का? गवयाने जागा घेतली आणि आपण त्या क्षणी उठून दुसऱ्या खुर्चीकडे निघालेलो असतो.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. सर असते तर त्यांना आधी सांगितली असती.

काही वर्षांपूर्वी एका महोत्सवाचं चित्रीकरण माझ्याकडे आलं. दोन संध्याकाळी, पहिल्या दिवशी अभंगवाणी, दुसऱ्या दिवशी तरुणांचा मराठी रॉक बँड. बँडच्या तिसऱ्या गाण्यात मुख्य कॅमेऱ्याचं कार्ड भरलं आणि अठरा सेकंद चित्रच नव्हतं. बाकीचे कॅमेरे हलत होते. अशा वेळी आम्ही कटअवे घालतो, म्हणजे प्रेक्षकांतला कोणाचा तरी चेहरा, ज्याखाली सांधा लपतो. माझ्यापाशी आदल्या संध्याकाळचा एक शॉट होता. नऊवारीतल्या एक आजी पदराने डोळे टिपत होत्या. मी तो घातला. इतका चपखल बसला की सगळे खूश झाले. एका आजींना रॉक गाणं ऐकून रडू आलं, म्हणून तेवढा तुकडा हजारो लोकांनी एकमेकांना पाठवला.

दोन महिन्यांनी त्यांच्या नातीचं पत्र आलं. तिने रागावून लिहिलं नव्हतं. आजी त्या दिवशी तिथे नव्हत्याच, असं तिने लिहिलं होतं. आदल्या दिवशीचा तो अभंग आजोबा रोज म्हणत, ते जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून आजींना भरून आलं. आता नातेवाईक त्यांना ढोलांच्या गाण्यावर रडल्याबद्दल चिडवतात आणि त्या काही बोलत नाहीत.

मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला, तक्रार केली नाही. पण मी त्यांचं रडू त्यांच्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं होतं, आणि ते परत करायला माझ्याकडे कुठलं बटण नव्हतं. त्यानंतर मी एका गाण्याचा श्रोता दुसऱ्या गाण्यात कधी घातला नाही. चित्र तुटलं तर तुटू देते. अठरा सेकंद काळा पडदा आणि गाणं चालू, असंही मी एकदा केलं आहे. कोणी उठून गेलं नाही.

श्रोता अजिबात नसला तर? तेही झालं आहे. १९७१च्या ऑक्टोबरात एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने पिंक फ्लॉइडला पाँपेईच्या प्राचीन रोमन रंगमंडलात नेलं आणि रिकाम्या दगडी पायऱ्यांसमोर वाजवायला लावलं. त्याच उन्हाळ्यात त्याचा पासपोर्ट त्या अवशेषांत कुठेतरी पडला, तो शोधायला संध्याकाळी परतला असताना तिथली शांतता ऐकून त्याला ही कल्पना सुचली. विजेची केबल गावातून रस्तोरस्ती ओढत आणावी लागली, त्यात ठरलेले काही दिवस वाया गेले. लोक त्या चित्रपटाला थंड म्हणतात. मला तो तसा वाटत नाही. राखेखाली गेलेल्या गावासमोर चार तरुण मन लावून वाजवत आहेत, आणि कॅमेरा ध्वनिवर्धकांच्या पेट्यांमागून सावकाश सरकतो, जणू तोही परवानगी मागत आत येतो आहे.

आणि ज्या चित्रणात बसायची आणि गाण्यातली अशा दोन्ही जागा एक झालेल्या मी पाहिल्या, ते साधं टीव्हीसाठी केलेलं होतं. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्कचा एक स्टुडिओ, एमटीव्हीची 'अनप्लग्ड' मालिका, बँड निर्वाणा. त्यांचा गायक कर्ट कोबेन याने मंचावर पांढऱ्या लिली आणि काळ्या मेणबत्त्या मागितल्या होत्या. लोक अगदी जवळ, दोन हातांवर बसलेले. बँडने आपली गाजलेली बहुतेक गाणी टाळली, सहा गाणी तर दुसऱ्यांची गायली, आणि सगळा कार्यक्रम एका दमात, पुन्हा न करता झाला. साडेचार महिन्यांनी, एप्रिल १९९४ मध्ये, कोबेनने आत्महत्या केली. मी ते चित्रण त्यानंतर पाहिलं, म्हणून फुलं आणि मेणबत्त्या मला वेगळ्या दिसणारच.

पण ते सगळं बाजूला ठेवून शेवटचं गाणं पाहा. जुनं अमेरिकी लोकगीत, लेड बेली गात असे. शेवटाकडे कोबेनचा आवाज वरच्या पट्टीत चढतो, फाटतो. शेवटची ओळ संपायला काही शब्द उरलेले असताना तो थांबतो. श्वास आत घेतो. डोळे उघडतो. त्या क्षणी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आहे आणि तिथेच थांबतो. मग तो ओळ पुरी करतो. पुन्हा गायला सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला, यापेक्षा चांगलं आता होणार नाही म्हणून. सर, ती जागा तुम्ही ऐकली असती तर मांडीवर हात मारला असता. दिग्दर्शक बेथ मॅकार्थी त्या क्षणी दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेली असती तर आपल्याला गाणं मिळालं असतं, तो श्वास मिळाला नसता.

आता मोबाइलबद्दल. मैफिलीत हात वर करून चित्रण करणाऱ्यांवर सगळे चिडतात. मी चिडत नाही, आणि त्याचं कारण सांगते. २००९च्या ऑगस्टमध्ये प्रागला रेडिओहेडच्या कार्यक्रमात पन्नासेक चाहत्यांनी ठरवून, आपापल्या जागेवरून, हातातल्या छोट्या कॅमेऱ्यांनी चित्रण केलं. बँडला ते कळलं तेव्हा त्यांनी आपला मूळ ध्वनी त्यांना देऊन टाकला. २०१०मध्ये तो चित्रपट सगळ्यांसाठी फुकट खुला झाला. चौकट हलते, पुढच्याचं डोकं आडवं येतं, एखादा रंग विटका दिसतो. तरी प्रत्येक शॉट कोणाच्या तरी पायांवर उभा आहे हे जाणवतं.

१८ जानेवारी २०२५ला नेरुळच्या स्टेडियमवर कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला. माझी भाची तिथे वरच्या कोपऱ्यात होती. तिने पाठवलेल्या तुकड्यात बँड तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो आणि गायकापेक्षा मोठ्याने ऐकू येते ती भाची, बेसूर, रडवेली, शब्द चुकवत. आठवड्याने, २६ जानेवारीला, त्यांचा अहमदाबादचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. मी तो घरी सोफ्यावर बसून पाहिला. चित्र निर्मळ होतं, आवाज निर्मळ होता. माझ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवला आहे तो भाचीचा तुकडा. त्याला जागा आहे: वरचा कोपरा, पायरी, घामेजलेला हात.

आणि १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन वाजवून गेले, ते त्यांच्या 'फ्लाइट ६६६' चित्रपटात आहे. मी तो तीनदा पाहिला, गर्दीतल्या मुलांच्या चेहऱ्यांसाठी. आपल्या गावांतून, रात्रीच्या गाड्यांनी, उभ्याने आलेली मुलं. जगभर फिरणाऱ्या एका चित्रपटात ती आहेत, आणि ती ज्या गाण्यावर उड्या मारताना दिसतात त्याच गाण्यावर त्यांनी उड्या मारल्या असतील, अशी मला आशा आहे.

आता 'मॉन्टरे पॉप'. १९६७च्या जूनमध्ये झालेल्या त्या महोत्सवात रविवारची अख्खी दुपार रविशंकरांसाठी राखून ठेवली होती. हेंड्रिक्सने गिटार पेटवली ती त्याच रात्री. पण दिग्दर्शक पेनेबेकरने चित्रपटात क्रम बदलला. आग आधी, सतार शेवटी. सुमारे १८ मिनिटं, साथीला उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. आणि या १८ मिनिटांत कितीतरी वेळ रविशंकर दिसतच नाहीत. सतार ऐकू येते आणि कॅमेरा लोकांतून हिंडतो. कोणी आडवं पडलेलं, कोणी डोळे मिटलेलं, पोरंसोरं, फुलं. बसलेल्यांत खुद्द हेंड्रिक्स दिसतो, शांत ऐकत. सरांनी तो प्रश्न विचारला तो इथे.

मी तेव्हा म्हणाले होते, सर, कॅमेरा कुठेच बसलेला नाही, नुसता फिरतोय. ते म्हणाले, नीट बघ.

ती १८ मिनिटं आज मी सोबत आणली आहेत. आपण ती पाहू या. रविशंकर कधी दिसतात याची वाट पाहू नका, चेहरे पाहा. दिवे घालवा. पंखे पण बंद करा, थोडं उकडेल, पण तंबोरा ऐकू यायला हवा. उजवीकडच्या खिडकीचा पडदा कोणीतरी ओढून घ्या. आणि मला, सरांच्या कुटुंबीयांची हरकत नसेल तर, त्या खांबाशेजारच्या खुर्चीवर बसायचं आहे.